काचभट्टीतला ‘आरोपी’ शोधणारा शास्त्रज्ञ : विल्यम क्रुक्स

गेवराई तालुक्यातलं उमापूर असो की पुणं, वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना पोरांना एकच दम मिळतो : तिकडं बघू नको! पण डोळ्याला नेमकं बाधतं काय? दिसणारा लखलखाट, की त्यातलं न दिसणारं काही?

भट्टीच्या उजेडाबद्दल हाच प्रश्न सर विल्यम क्रुक्स यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांचं वय 77 होतं.

1832 साली लंडनमध्ये एका शिंप्याच्या घरी जन्मलेल्या क्रुक्स यांनी 1861 मध्ये वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेवरून थॅलियम हे मूलद्रव्य शोधलं. क्ष-किरणांचा शोध लागला तो त्यांच्या नावाच्या नळीसारख्याच नळ्यांवर प्रयोग करताना. (हाच माणूस मृतात्म्यांशी बोलण्याच्या बैठकांनाही जायचा. असो.)

काचेच्या कारखान्यात वर्षानुवर्षं भट्टीकडे बघणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू व्हायचा. नजर गेली की रोजगारही जायचा. रॉयल सोसायटीने यासाठी समिती नेमली आणि 1909 मध्ये क्रुक्स त्या कामाला लागले. तेव्हा संशय होता अतिनील किरणांवर. क्रुक्स यांनी वितळलेल्या काचेच्या उजेडाचा वर्णपट तपासला. अतिनील किरण त्यात फारच कमी निघाले. भरमार होती उष्णतेच्या, म्हणजे अवरक्त किरणांची. आरोपीच बदलला!

मग सुरू झाला खरा खटाटोप. सेरियम, लोह अशा धातूंची संयुगं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्यांनी 300 हून जास्त काचा करून पाहिल्या. प्रत्येक काचेची तीन मापं : अतिनील किती अडतं, उष्णता किती अडते आणि दिसणारा उजेड किती येतो. तिसरं माप महत्त्वाचं, कारण काम दिसलंच नाही तर कामगार चष्मा काढून ठेवणार. 90 टक्क्यांहून जास्त उष्णता अडवणाऱ्या, तरीही चष्म्याला चालतील अशा काचा त्यांना जमल्या. सगळंच उत्तम अडवणारी एकच काच मात्र जमली नाही, हेही त्यांनी मान्य केलं. त्यांच्या काचेचे चष्मे पुढे ‘क्रुक्स’ नावानेच विकले गेले. 1919 मध्ये ते वारले.

लेझर आला 1960 मध्ये. त्याचा दिसणारा झोतच डोळ्याचं भिंग रेटिनावर एका ठिपक्यात गोळा करतं. म्हणून डोळे मिटेपर्यंतच्या पाव सेकंदासाठी सुरक्षित मर्यादा आहे अवघी 1 मिलिवॉट. मिरवणुकीत वापरले जाणारे लेझर बहुधा याच्या कितीतरी पट ताकदीचे असतात. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी त्यांच्यावर बंदी घातली. यंत्रावर वर्ग ‘3बी’ किंवा ‘4’ लिहिलेलं असेल, तर मोजमाप केल्याशिवाय त्याचा झोत गर्दीवरून फिरवायचा नसतो.