टपाल, स्टेन्सिल आणि पुस्तक : अरुण कोलटकर यांच्या वाङ्मयजीवनाचा एक धागा

अरुण कोलटकर यांच्या कवितेची मराठी समीक्षेत जी चर्चा झाली ती प्रामुख्याने तिची दुर्बोधता, तिचे महानगरीय भान आणि तिची द्वैभाषिकता या अंगांनी झाली. कोलटकर व्यवसायाने आरेखनकार होते, ही गोष्ट कविपरिचयाच्या एका वाक्यात उरकली जाते आणि लगेच समीक्षक आशयाकडे वळतो. अध्यापनाच्या सोयीने कविता पाठ्यपुस्तकात सलग छापली जाते, तेव्हा मूळ पृष्ठावरील तिची मांडणी लोपते व ते कुणाला खटकतही नाही. कोलटकरांचे वाङ्मयजीवन वस्तुतः हाताने घडविलेल्या अंकांच्या, टपालाने फिरलेल्या संहितांच्या आणि मित्रांनी मिळून काढलेल्या पुस्तकांच्या आधाराने उभे राहिले. तो आधार बाजूला ठेवून त्यांच्या कवितेचा विचार केला, तर तिच्या रूपाविषयीची आपली विधाने अपुरी राहतात. या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील हा एक धागा येथे उलगडावयाचा आहे.

कोलटकरांचा जन्म १९३० च्या दशकाच्या आरंभी कोल्हापूरचा. चित्रकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात झाले. मात्र ते सरळ रेषेत झाले नाही, मध्ये खंड पडला आणि पदविका हाती आली ती १९५७ मध्ये. पुढे जाहिरात व्यवसायात त्यांनी मोठा लौकिक मिळविला. कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डचे पारितोषिक त्यांना सहा वेळा लाभले. हा तपशील केवळ चरित्राच्या पूर्ततेसाठी दिलेला नाही. अक्षराचा आकार, दोन ओळींमधील अंतर, पानावरची मोकळी जागा यांचा रोजचा व्यवहार करणारा माणूस कविता लिहीत होता, एवढे ध्यानात ठेवावे.

पदविकेच्या आधीच, १९५४ मध्ये, 'शब्द' हे अनियतकालिक मुंबईत निघाले. दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि कोलटकर ही त्यामागची मंडळी. चित्रे त्या वेळी अवघे सोळा वर्षांचे होते. त्यांचे वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी बडोद्याहून 'अभिरुची' चालविले होते, म्हणजे नियतकालिक काढणे ही गोष्ट चित्र्यांना घरातच दिसलेली होती. 'शब्द' छापखान्यात गेले नाही. ते सायक्लोस्टाइल केलेले होते. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या चळवळीचे मूळ येथे शोधले जाते, ते योग्यच आहे. तथापि या तंत्राचा वाङ्मयीन परिणाम फारसा पाहिला गेलेला नाही. खिळेजुळाई करताना अक्षर ठरावीक चौकटीत आणि सरळ ओळीतच बसवावे लागे. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर अणकुचीदार लेखणीने ओरखडा काढला की अक्षर उमटे आणि चित्रही उमटे. लिहिणारा हात आणि रेखाटणारा हात एकच असू शके. शिवाय खर्च आटोक्यात राही, संपादक, मुद्रक आणि हमाल ही कामे एकाच माणसाला करता येत, आणि कुणाच्या संमतीची वाट पाहावी लागत नसे.

असे अंक वाचकांपर्यंत जात ते मुख्यतः हातोहात किंवा टपालाने. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालखात्याची सवलत मिळे, परंतु १८९८ च्या टपाल कायद्यानुसार त्यासाठी दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांपेक्षा अधिक असून चालत नसे. पैसे जमतील तेव्हा निघणाऱ्या अंकाला ही सवलत कोठून मिळणार? 'अनियतकालिक' या नावातला मिस्कीलपणा असा खिशालाही भोवणारा होता. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे 'असो' निघाले. शहाणे आणि कोलटकर यांचा स्नेह येथून पुढे कोलटकरांच्या अखेरपर्यंत टिकला.

मराठीच्या वर्तुळाबाहेरही हीच हालचाल चालू होती. १९६५ मध्ये अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी आलोक राय व अमित राय यांच्यासह 'डॅम यू' हे इंग्रजी नियतकालिक सायक्लोस्टाइलवर सुरू केले. मेहरोत्रांचे वय तेव्हा अठरा. न्यूयॉर्कच्या एड सँडर्स यांच्या अशाच हस्तनिर्मित नियतकालिकाचा आदर्श त्यांच्यापुढे होता. १९६८ मध्ये निघालेल्या त्याच्या सहाव्या आणि अखेरच्या अंकात कोलटकरांची 'द बोटराइड' ही दीर्घ कविता आली. मुंबईच्या बंदरातील नौकाविहारावरची ही कविता प्रथम वाचकांसमोर गेली ती गंगा-यमुनेच्या काठच्या एका घरगुती यंत्रावरून. १९७० मध्ये बडोद्याच्या 'वृश्चिक'मध्ये कोलटकरांनी केलेली नामदेव, जनाबाई व मुक्ताबाई यांच्या अभंगांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध झाली. गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या दोन चित्रकारांनी १९६९ ते १९७३ या काळात हे नियतकालिक चालविले. त्यात चित्रकारांचे लिनोच्या ठशांवरून छापलेले मूळ काम अंकासोबत वर्गणीदाराच्या हाती पडे. तेराव्या शतकातील संतवाणी, गुजरातेतील चित्रकार, मुंबईतील भाषांतरकार आणि इंग्रजी भाषा यांची गाठ एका पाकिटात पडावी, ही घटना मराठी वाङ्मयेतिहासात नोंदवली जावी इतकी मोलाची आहे.

याच सुमारास पाश्चात्त्य देशांत टपालाद्वारे कलाव्यवहार करण्याची रीत रूढ होत होती. न्यूयॉर्कचे रे जॉन्सन पत्र, पाकीट आणि चिकटचित्र यांनाच कलाकृती मानून ती असंख्य लोकांत फिरवीत. ब्राझीलमधील नोइगान्द्रेस गटाने १९५२ पासून दृश्यकवितेची चळवळ उभी केली होती. कोलटकरांना या प्रवाहात बसविण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. जॉन्सन यांच्या दृष्टीने टपाल हे कलेचे माध्यम होते, कोलटकर व त्यांच्या मित्रांच्या दृष्टीने ती गरज होती. मात्र गरजेतूनही एक सौंदर्यदृष्टी घडते आणि ती पुढील पुस्तकांत दिसते.

१९७६ मध्ये आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, मेहरोत्रा आणि कोलटकर या चौघांनी 'क्लिअरिंग हाऊस' ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था सुरू केली आणि प्रत्येकाचे एक अशी चार पुस्तके काढली. तिघे मुंबईत, मेहरोत्रा अलाहाबादेत. तेव्हा निवड, मुद्रिते, हिशेब यांचा बराच भाग पत्रांतूनच चाले. आगाऊ वर्गणीची पत्रके टपालाने पाठवून भांडवल उभे केले जाई. पुस्तकांचे आरेखन कोलटकरांचे. 'जेजुरी' हे त्यांपैकीच एक. तिच्या आधीच्या स्वरूपाचे एक हस्तलिखित एका अल्पायुषी नियतकालिकाकडे गेले आणि तेथेच गहाळ झाले होते. नव्याने लिहिलेली कविता १९७४ मध्ये एका साहित्यिक त्रैमासिकात आली आणि मग पुस्तकरूपाने. १९७७ चे राष्ट्रकुल काव्यपारितोषिक तिला मिळाले. भालचंद्र नेमाडे यांनी या कवितेतील दृष्टी पर्यटकाची असल्याचा आक्षेप घेतला, तो सर्वश्रुत आहे. त्या आक्षेपाची येथे तड लावावयाची नाही. परंतु संग्रहाच्या अखेरच्या भागात, जोंधळ्याच्या शेतात नाचणाऱ्या कोंबड्यांच्या कवितेत, वर आणि खाली या अर्थाचे शब्द ओळ मोडून पानभर उधळलेले आहेत. वाचकाची नजरच तेथे उड्या मारू लागते. देवळात न सापडलेला उत्सव कवीला शेतात सापडतो, आणि तो सांगितला न जाता मांडला जातो. ही मांडणी विचारात न घेता त्या दृष्टीविषयी निर्णय देणे मला घाईचे वाटते.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रसिद्ध केला. यातील 'तक्ता' ही कविता आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. शाळेच्या भिंतीवरील मुळाक्षरांचा तक्ता प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेला आहे. कोलटकर त्यातील चौकोन एकेक करून पाहतात. प्रत्येक अक्षराचे चित्र आपापल्या घरात निमूट बसलेले आहे, शेजाऱ्याला त्रास देत नाही. पण दिल्या नेमाने शांत राहणाऱ्या त्या वस्तूंमध्ये दडलेली हिंसा हळूहळू जाणवू लागते. अक्षर आणि चित्र यांच्या सक्तीच्या जोडीवर इतकी मार्मिक कविता मराठीत अन्य नाही. ती लिहावयास अक्षररचनेचा व्यवसाय केलेलाच कवी हवा होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. र. कृ. जोशी हेही असेच अक्षरकार-कवी. मात्र त्यांचा ओढा अक्षराच्या दृश्यरूपाकडे अधिक होता, कोलटकरांनी दृश्याला कथनात जिरवले.

द्वैभाषिकतेविषयी एक गोष्ट जाता जाता. कोलटकर मराठी कवी की इंग्रजी, हा प्रश्न महानगरी समीक्षेला फार छळतो. मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावातून पाहताना त्याची धार बोथट होते. अक्कलकोट तालुक्यात कन्नड आणि मराठी एकाच घरात, कधी एकाच वाक्यात नांदतात. कोणती भाषा खरी असे तेथे कुणी विचारत नाही. भाषा प्रसंगानुसार येते. कोलटकरांबाबत तो प्रसंग पुष्कळदा पाकिटावरचा पत्ता ठरवी: अंक अलाहाबादेस जावयाचा की मुंबईतल्या मुंबईत. अर्थात हे एकमेव कारण नव्हे.

१९७७ नंतर सव्वीस वर्षे त्यांचा मराठी संग्रह आला नाही. ही शांतता आळसाची नव्हती. या काळात ते लिहीत होते, अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकत होते, बळवंतबुवांचे आयुष्य ऐकून टिपून घेत होते. घरी दूरध्वनी ठेवला नाही. भेटावयाचे असेल त्याने पत्र लिहावे किंवा गुरुवारी दुपारी काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये यावे. मोठ्या प्रकाशनसंस्थांचा मार्ग त्यांनी धरला नाही. पुस्तक आपल्या मनासारखे व्हावयाचे तर ते ओळखीच्या हातांनीच व्हावे, हा 'शब्द'च्या दिवसांतील संस्कार शेवटपर्यंत राहिला. त्याची किंमतही होती: एक संपूर्ण पिढी त्यांना एका संग्रहाचा कवी समजत राहिली.

२००३ मध्ये 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही', २००४ मध्ये 'द्रोण' आणि इंग्रजीतील 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र' ही पुस्तके एकापाठोपाठ 'प्रास'तर्फे आली. कर्करोग बळावलेला होता. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते त्यानंतर.

उरलेल्या संहितांचे काम त्यांनी अखेरच्या महिन्यांत मेहरोत्रांकडे सोपविले होते. १९६८ मध्ये स्टेन्सिलवर निघालेली ती नौकाविहाराची कविता २००९ मध्ये मेहरोत्रांनीच संपादित केलेल्या 'द बोटराइड अँड अदर पोएम्स' या पुस्तकात आली. प्रकाशक अर्थात 'प्रास'. या साऱ्या चळवळीचे अंक, पत्रके आणि कागदपत्रे आज अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या 'बॉम्बे पोएट्स' संग्रहात जतन केली जात आहेत. स्टेन्सिलच्या अंकांचा कागद सहसा हलक्या प्रतीचा असे. तो पिवळा पडतो, घडीवर फाटतो. महाराष्ट्रातील जुन्या वाचकांच्या ट्रंकांत आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या रद्दीच्या कोपऱ्यांत जे काही अंक असतील, त्यांची पानन्‌पान नोंद, मापांसह आणि मांडणीच्या वर्णनासह, करण्याचे काम मराठी विभागांना आजही हाती घेता येईल.