भारताचा नकाशा मोजणारा माणूस हिंगणघाटला का पुरला आहे?

गडचिरोलीतल्या धानोऱ्याचं जंगल आज मोबाइलवर ‘भुवन’ उघडून पाहता येतं. पण भारताच्या अचूक नकाशाचा पाया घालणाऱ्याची कबर विदर्भातच आहे!

विल्यम लॅम्बटन हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. 10 एप्रिल 1802 रोजी त्याने मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची आधाररेषा साखळीने मोजायला घेतली. त्रिकोणाची एक बाजू नेमकी मोजली की पुढे फक्त कोन मोजायचे. उरलेली अंतरं गणिताने निघतात. त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजणारं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना ते आदळलं. लॅम्बटनने सहा आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केलं.

वीस वर्षं हेच काम. नागपूरकडे जाताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने केलं आणि सर्वोच्च शिखराला नाव मिळालं ते एव्हरेस्टचं.

कंपनी सरकारला नकाशा हवा होता मुलखावर ताबा ठेवायला. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आता जंगलाची हद्द नेमकी ठाऊक असणं गावाच्याही कामाचं आहे.