घोड्याची भीती जाणणारे विष्णुपंत

सोलापूरच्या सात रस्ता चौकातून वरात निघते तेव्हा नवरदेवाची घोडी ताशा, बँड, फटाके आणि वाहनांचे भोंगे यांच्या गदारोळातून शांतपणे पावले टाकत असते. त्याच चौकात प्रथमच आणलेले जनावर मात्र पहिल्या ताशालाच बुजते. दोघांचे कान सारखेच, फरक शिक्षणाचा. या शिक्षणाचे मर्म शास्त्राने नाव देण्यापूर्वीच हातांनी ओळखणारा एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे ते नाव.

सांगली जिल्ह्यातील अंकलखोप हे विष्णुपंतांचे गाव. शालेय विद्येपेक्षा त्यांना घोडा आणि गाणे यांचीच ओढ अधिक. या दोन्ही विद्यांसाठी त्यांनी ग्वाल्हेर गाठले. तेथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे त्यांनी अश्वविद्येचे धडे घेतले आणि ख्यालगायकीतील थोर गवई हद्दू खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. पुढे दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या पदरी चाबुकस्वार म्हणून त्यांचा लौकिक झाला.

चाबुकस्वाराचे काम चाबकापेक्षा धीराने चालते. घोडा हा जन्मतःच पळ काढणारा प्राणी. अनोळखी आवाज झाला की कान टवकारणे आणि उधळणे, हा त्याचा जीव वाचवण्याचा मार्ग. तोच आवाज हलक्या प्रमाणात, पुन्हा पुन्हा आणि काहीही इजा न होता कानी पडत राहिला, तर त्याची दखल घेणे तो हळूहळू सोडून देतो. मानसशास्त्रात याला सरावणे किंवा हॅबिच्युएशन म्हणतात. उलट, एखादा जबर धक्का बसला की पूर्वी सहज खपणारा स्पर्शही जनावराला दचकवतो. ही संवेदनशीलता वाढण्याची क्रिया म्हणजे सेन्सिटायझेशन. शिकण्याचे हे दोन सर्वांत प्राथमिक प्रकार होत. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी 1966 मध्ये सरावण्याची लक्षणे सूत्रबद्ध केली. उद्दीपक जितका सौम्य तितका सराव लवकर होतो. फार तीव्र असला तर होतही नाही. आणि मध्ये खंड पडला की जुनी प्रतिक्रिया परत येते. पुढे एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीच्या मज्जापेशींत या दोन्ही क्रियांचा माग काढला. स्मृतीच्या पेशीगत यंत्रणेवरील या संशोधनासाठी 2000 सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

सर्कशीचा घोडा या दोन्ही क्रियांच्या काठावर उभा असतो. बँड, दिव्यांचा झगमगाट, टाळ्या आणि जवळच्या पिंजऱ्यातील वाघसिंहांचा वास यांना तो सरावलेला हवा. पण शिकवणाऱ्याच्या बोटाची हालचाल मात्र त्याला क्षणात जाणवली पाहिजे. एका बाजूने बधिर आणि दुसऱ्या बाजूने तल्लख असे जनावर घडवणे हे खरे कसब. त्यात चूक झाली, तर पाठीवर उभ्या असलेल्या स्वाराच्या जिवावर बेतते.

जुझेप्पे किआरिनी या इटालियन सर्कसवाल्याचे खेळ मुंबईत झाले, तेव्हा भारतीयांना असा खेळ उभारायला अजून अवकाश आहे, असे त्याने हिणवल्याची कथा सांगितली जाते. कथेचा तपशील काहीही असो, विष्णुपंतांनी 1880 मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. घोड्यांची कामे हा तिचा कणा होता. देशभर फिरून ही सर्कस सिलोनपर्यंत आणि आग्नेय आशियातही गेली. केरळात तेल्लिचेरी येथे केलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी विष्णुपंतांची गाठ पडली आणि सर्कशीसाठी कसरतपटू तयार करण्याची परंपरा तेथे रुजली.

कठोर शिस्तीच्या या व्यवसायात विष्णुपंतांचा गाण्याचा कान बोथट झाला नाही. गुरू हद्दू खाँ यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र रहिमत खाँ व्यसनात आणि विपन्नावस्थेत भटकत होते. त्या उजाड देहातला अलौकिक सूर विष्णुपंतांनी ओळखला, गुरुपुत्राला आश्रय दिला आणि सर्कशीबरोबर त्याचे गाणे गावोगावच्या रसिकांपर्यंत पोहोचवले. रस्त्यावरची विपन्नता रोज पाहून माणसे तिलाही सरावतात. विष्णुपंत सरावले नाहीत. त्यामुळेच ग्वाल्हेर गायकीचा एक अनमोल आवाज महाराष्ट्राला लाभला.

1905 मध्ये विष्णुपंतांचे निधन झाले. त्यांच्यानंतर छत्रे घराण्याचे नाव सर्कशीच्या इतिहासात कायम राहिले. काळ मात्र बदलला. वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर केंद्र सरकारने 1998 मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये उचलून धरली. जनावर निमूट झाले म्हणजे त्याचे दुःख संपले असे नव्हे, ही जाणीव त्यामागे होती. विष्णुपंतांच्या काळात तंबूभोवतीच्या गर्दीला हा प्रश्न पडत नव्हता. तीही त्या पिंजऱ्यांना सरावलेली होती. कशाला सरावायचे आणि कशाला कधीच सरावायचे नाही, याची निवड जनावराच्या हाती नसते. माणसाच्या हाती ती असते, हे रहिमत खाँचा हात धरणाऱ्या विष्णुपंतांनी आपल्या वागण्यातून दाखवून दिले.