दुरून चालणारी नौका

न्यूयॉर्क शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात १८९८ साली विजेच्या यंत्रांचे प्रदर्शन भरले होते. तेथील एका हौदाभोवती लोकांची एकच दाटी झाली. हौदात सुमारे चार फूट लांबीची एक नौका तरंगत होती. तिच्यात माणूस नव्हता, तिला दोरी बांधलेली नव्हती, की तारही जोडलेली नव्हती. काठावर उभा असलेला एक उंच, सडपातळ गृहस्थ जवळच्या पेटीवरील मूठ फिरवी, आणि नौका डावीउजवीकडे वळे. तिच्यावरील दिवेही त्याच्या इच्छेप्रमाणे लागत व मालवत. कोणी ही जादू मानली, तर कोणाला आत शिकवलेले माकड दडवले असावे असा संशय आला!

तो गृहस्थ होता निकोला टेस्ला. त्याचा जन्म १८५६ साली स्मिल्यान या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. वडील धर्मोपदेशक होते व मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. आई शाळेत गेली नव्हती. पण घरकामाची लहानसहान अवजारे ती स्वतः तयार करी. आपली कल्पकता तिच्याकडूनच आली, असे टेस्ला मानी.

१८८४ साली तो अमेरिकेस गेला. दिशा सतत पालटणाऱ्या विद्युत्प्रवाहावर चालणारी मोटार त्याने तेथे सिद्ध केली. बोईसरच्या कारखान्यांतून त्याच जातीच्या मोटारी फिरतात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, तेव्हा तेथील वीजही अशाच प्रवाहाच्या रूपाने दूरवर गेली.

मार्च १८९५ मध्ये टेस्लाच्या प्रयोगशाळेस आग लागली. यंत्रे, टिपणे, वर्षानुवर्षांचे श्रम एका रात्रीत भस्म झाले. काही काळ तो अगदी खचून गेला. परंतु पुढे नवी जागा घेऊन पुन्हा कामास लागला. त्या आगीनंतर तीनच वर्षांनी ती नौका हौदात उतरली.

नौकेच्या पोटात विजेऱ्या, मोटारी आणि धातूचा कीस भरलेली एक नळी होती. एरवी तो कीस विजेला अडवी. बिनतारी लहर येताच मात्र वाट देई. त्यासरशी एक चकती एक घर पुढे सरके. एका घराला सुकाणू उजवीकडे वळे, पुढच्याला थांबे, त्याच्या पुढच्याला डावीकडे वळे. मग नळी आपोआप उलटी होऊन कीस मोकळा होई. नाहीतर दुसरा इशारा पोहोचलाच नसता. लहर स्वतः काही ढकलत नसे. ती केवळ इशारा देई. बळ सारे विजेरीचे.

अडचण एकच होती. दुसऱ्या कोणी तशा लहरी सोडल्या, तर नौका त्याचेही ऐकणार! म्हणून दोन निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्र हलावे, अशी युक्ती टेस्लाने शोधली. तिचे पेटंट त्यास १९०३ साली मिळाले. पालघरच्या मैदानावर एखादा मुलगा बिनतारी मोटारगाडी पळवतो, तेव्हा तिच्या ग्राहकयंत्रात प्रत्येक कामाची वाट वेगळी असते: एक चाके वळवण्याची, एक वेगाची. एखादी वाट रिकामी उरली, तर तिला छोटी कळ जोडून दिवा किंवा भोंगा चालवता येतो. तेथेही लहर इशाराच देते, आणि दिवा विजेरीवर पेटतो.

ही नौका आरमाराच्या उपयोगी पडेल, अशी टेस्लाची फार आशा होती. अधिकाऱ्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. पुढे त्याच्याजवळ पैसाही उरला नाही. म्हातारपणी शहरातील कबुतरांना दाणे घालणे हा त्याचा विरंगुळा होता. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत तो एकटाच असताना निधन पावला.