आगरकरांचा वर्ग

तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. एस.वाय.बी.ए.ला आधुनिक युरोपचा पेपर माझ्याकडे असे. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी फ्रेंच राज्यक्रांती शिकवत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. सकाळी दूध घालून सायकलवरून कॉलेजला येणारा मुलगा. त्याने अगदी सरळपणे विचारले की, १७९३ साली तिकडे फ्रान्समध्ये राजाचे डोके उडवले, त्याच्याशी आपल्याला काय करायचे आहे? मी उत्तर दिले की परीक्षेत येते म्हणून करायचे आहे. वर्ग हसला, मीही हसलो, तास संपला. तो मुलगा मात्र हसला नव्हता.

त्या उत्तराची लाज मला त्याच संध्याकाळी वाटली. आपल्याकडे नागरिकशास्त्र हा शाळेपासूनच ऑप्शनला टाकायचा भाग. कॉलेजात युरोपचा इतिहास म्हणजे सनावळ्या आणि कारणे व परिणाम यांच्या नोट्स. मीही तसाच शिकलो आणि तसाच शिकवीत होतो. वाचनालयात जाऊन बसलो तर हाताला आगरकरांच्या निबंधांचा जुना, पाने पिवळी पडलेला खंड लागला. शाळेत धड्यापुरते वाचलेले आगरकर मी खऱ्या अर्थाने त्या दिवशी उघडले. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्यातच या माणसाचे सारे आयुष्य गेले होते, हे मला हळूहळू कळत गेले.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरी विलक्षण दारिद्र्य. गोपाळ कराडला शिकला, पण थोडे इंग्रजी झाल्यावर शिक्षण थांबले आणि मामलेदार कचेरीत उमेदवारी करायची वेळ आली. पुढे शिकायला मिळेल या आशेने तो रत्नागिरीला पायी गेला. तिथे जमले नाही म्हणून परत आला आणि दवाखान्यात कंपाउंडरचे काम करू लागला. पुढे नातेवाइकांच्या आधाराने अकोल्याला गेला. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनींसारखा गुणग्राहक शिक्षक लाभला. पोटासाठी 'वऱ्हाड समाचारा'त लिहीत लिहीत १८७५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो मॅट्रिक झाला. आज त्या वयाची आपली मुले पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले दिवसही असेच. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असे सांगतात. शिष्यवृत्ती आणि लेखनाची बक्षिसे यांवर महिना ढकलायचा. दमा तेव्हापासूनच मागे लागलेला. पण याच कॉलेजात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांचे ग्रंथ, आणि दुसरी म्हणजे बाळ गंगाधर टिळक नावाचा मित्र. दोघे कॉलेजच्या परिसरात तासन्‌तास फिरत आणि शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरी करायची नाही, देशातल्या मुलांना शिकवायचे, असा बेत करीत.

हा बेत केवढा मोठा होता ते आगरकरांच्या आईला विचारायला हवे होते. मुलगा एम.ए. होणार म्हणजे मोठा पगार येणार, हालअपेष्टा संपणार, ही त्या माउलीची साधी अपेक्षा. आगरकरांनी तिला पत्र लिहून कळवले की तसे काही होणार नाही, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवायचा माझा विचार आहे. हे पत्र आपण शाळेत त्यागाचा नमुना म्हणून वाचतो. मला मात्र ते पत्र वाचून घेणाऱ्या बाईचा चेहराच आधी दिसतो.

१८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्या वर्षी आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर होते, टिळक नव्हेत, हे अजूनही अनेकांना सांगावे लागते. कोल्हापूरच्या छत्रपतींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली म्हणून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक-आगरकर मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. त्या खटल्यात दहा हजारांच्या जामिनाची सोय महात्मा फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी केली होती. हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो, त्याच्याकडे पुढे यायचे आहे.

तुरुंगावर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. त्याच सुमारास शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे भाषांतरही त्यांनी पुरे केले, ते 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झाले. नाटक म्हणून ते रंगभूमीवर किती चालले हा वेगळा प्रश्न. पण डोळ्यांसमोर अन्याय दिसत असताना करू की नको या विचारात अडकलेल्या राजपुत्राची कथा आगरकरांना मराठीत आणावीशी वाटली, यात मला त्यांचा स्वभाव दिसतो. त्यांचा स्वतःचा गोंधळ मात्र कधी नव्हता.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. इथून पुढचे आगरकर मला सर्वांत जवळचे. इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र हे त्यांचे प्रांत. मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम साहेबाने ठरवलेला. त्यात इंग्लंडचा इतिहास होता, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान होते. सरकारला त्यातून इंग्रजी जाणणारे कारकून आणि मुन्सफ हवे होते. आपल्या जुन्या मंडळींना तो सारा अभ्यास म्हणजे धर्म बुडवणारी परकी विद्या वाटे. आगरकरांनी तिसरीच वाट धरली. युरोपातली माणसे गोरी आहेत किंवा राज्यकर्ती आहेत म्हणून त्यांचे शिकायचे नाही. त्यांनी राजाला, धर्मगुरूला आणि रूढीला कारण विचारले, ती सवय शिकायची. आणि ती शिकल्यावर पहिला प्रश्न लंडनला नव्हे, आपल्या माजघरात विचारायचा.

त्यांच्या तासाचे टिपण माझ्यापाशी नाही, पण त्यांचे लेख आहेत, आणि कॉलेजातला मास्तर व वर्तमानपत्रातला संपादक हा एकच माणूस होता हे त्यांतून स्पष्ट दिसते. मिलचे व्यक्तिस्वातंत्र्य त्यांनी विधवेच्या केशवपनापाशी आणून उभे केले. समाजही सजीव देहासारखा वाढतो आणि बदल थांबला की मरतो, हा स्पेन्सरचा विचार त्यांनी सोवळे, शिमगा, बालविवाह, बायकांचा पोशाख अशा रोजच्या विषयांवर लावून दाखवला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र बसवून द्यावे, असे त्यांनी त्या काळात लिहिले. 'गुलामांचे राष्ट्र' या निबंधात तर त्यांनी थेट दाखवून दिले की, जो समाज घरात, जातीत आणि पोथीपुढे मान तुकवायलाच शिकलेला आहे, त्याच्या गुलामगिरीचे मूळ परक्या सरकारच्या फार अलीकडे असते. नागरिक होणे म्हणजे कलेक्टरला अर्ज लिहिता येणे एवढेच नव्हे, हे त्यांनी पोरांना सांगितले. ज्या सरकारवर टीका केली म्हणून आपण तुरुंगात जाऊ त्याच सरकारला घरातल्या बालवधूच्या रक्षणासाठी कायदा करायला सांगण्यात त्यांना विसंगती वाटली नाही.

मी पुढच्या वर्षी फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा वेगळ्या रीतीने सुरू केला. मुलांना एक पान लिहायला सांगितले. घरातली एखादी रीत, तिचे कारण तुम्ही कुणाला विचारले आणि उत्तर काय मिळाले. बहुतेकांनी कोरी पाने दिली, चारदोघांनी गाइडमधली वाक्ये लिहिली. एका मुलीने मात्र लिहिले की, भावाला इंजिनिअरिंगला घालायला पैसे आहेत आणि माझे शिक्षण याच वर्षी का थांबणार, असे तिने वडिलांना विचारले होते आणि वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. त्या पानाला मी गुण दिले नाहीत. काय द्यावेत हेच कळेना. जूनमध्ये टी.वाय.च्या हजेरीपटावर मी तिचे नाव शोधले आणि ते होते. त्यात माझा किंवा आगरकरांचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही.

पुन्हा पुण्याकडे वळू. या शिकवण्याची किंमत आगरकरांना हप्त्याहप्त्याने द्यावी लागली. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, हा वाद डोंगरीच्या कोठडीतही रंगत असे, पण तिथे तो दोन मित्रांचा वाद होता. पुढे त्याला धार आली. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी'चे संपादकपद सोडले आणि १८८८ च्या ऑक्टोबरात 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू सांभाळायला गोपाळ कृष्ण गोखले होते, तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहावरून बारा केले, त्या वेळी तर एका काळचे दोन जिवलग दोन टोकांना उभे होते. पुण्याच्या लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांचा पुतळा तिरडीवर बांधून मिरवणूक त्यांच्याच दारावरून नेली. दम्याने बेजार झालेल्या माणसाने घरात बसून तो गोंगाट ऐकला. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू. त्यांच्या व्रतवैकल्यांना आगरकरांनी कधी आडकाठी केली नाही, इतरांवर आपले मत लादणे हेही त्यांना स्वातंत्र्याविरुद्धच वाटले असणार. पण नवऱ्याची तिरडी दारावरून जाताना त्या बाईला काय वाटले असेल, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

१८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे, ते प्रसिद्ध कोशकार, अकाली वारले आणि ज्याची प्रेतयात्रा निघाली होती तोच माणूस फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. पुढच्याच वर्षी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी लग्न केले. गावाने कर्व्यांना वाळीत टाकले. पण त्यांचा फर्ग्युसनमधला वर्ग चालू राहिला, १९१४ पर्यंत. कॉलेज हे नागरिक घडवण्याचे ठिकाण आहे असे भाषणात सांगणे सोपे असते. वाळीत पडलेल्या शिक्षकाला फळ्यापाशी उभे राहू देणे याला छाती लागते. त्याच वर्गांत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे शिकत होते. ते पुढे केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि अखेरपर्यंत बुद्धिवादी राहिले. न्यू इंग्लिश स्कूलच्या बाकांवरून हरिभाऊ आपटे आणि केशवसुत निघाले, ते आहेतच.

एक खंत मात्र लपवू नये. आगरकरांच्या वर्गात बसलेली मुले बहुतेक एकाच थरातली होती. त्याच पुण्यात फुले चाळीस वर्षे माळ्यांच्या, कुणब्यांच्या, महार-मांगांच्या मुलांसाठी झगडत होते आणि १८९० साली गेले. ज्यांच्या शब्दावर जामिनाची सोय झाली त्यांचा रस्ता आणि फर्ग्युसनचा रस्ता एकमेकांना फारसे मिळाले नाहीत. आगरकरांना जातिभेद मान्य नव्हता हे त्यांच्या लेखणीत जागोजाग आहे, पण दूध घालून सायकलवर येणारा माझा विद्यार्थी त्या वर्गात पोहोचायला आणखी कित्येक दशके लागली.

प्राचार्यपदाची तीन वर्षे आगरकरांनी दम्याशी झुंजत काढली. कॉलेज, 'सुधारक', खोकल्याची उबळ आणि पुन्हा लेख, असा क्रम. १७ जून १८९५ रोजी ते गेले. एकोणचाळीस पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. आपल्या मागे कुणावर भार नको म्हणून स्वतःच्या दहनाच्या खर्चापुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहायला टिळक बसले. जवळची माणसे सांगत की त्या दिवशी त्यांना लेख पुरा करता करवेना, डोळ्यांतले पाणी पुन्हा पुन्हा आड येत होते.