कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) हे भारतीय खगोलशास्त्रज्ञ व भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. पुणे येथील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते संस्थापक होत. ताऱ्यांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासून त्यांची घटना जाणण्याचे शास्त्र, म्हणजेच खगोलभौतिकी, भारतात रुजविणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

शिक्षण व अध्यापन

नायगमवाला यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. १८७८ मध्ये ते एम.ए. झाले आणि १८८२ मध्ये त्याच महाविद्यालयात प्रायोगिक भौतिकशास्त्राचे अधिव्याख्याते म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयाला भेट दिली व वर्णपटविषयक प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही तेवढीच भर घातली.

वेधशाळेची स्थापना

उपकरणे खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे नॉर्मन लॉक्यर प्रभृती शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेऐवजी वर्णपटीय वेधशाळाच उभारण्याचे ठरले. १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. त्याच महाविद्यालयाच्या आवारात १८८८ मध्ये वेधशाळा सुरू झाली.

दुर्बिणीची रचना

डब्लिनच्या ग्रब यांनी बनविलेली २० इंच (सुमारे ५१ सेंमी) व्यासाची परावर्ती दुर्बीण हे वेधशाळेचे मुख्य उपकरण होते. ती त्या काळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. भिंगातून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण थोड्या वेगळ्या अंतरावर एकत्र येतात. आरसा मात्र सर्व रंग एकाच नाभीवर आणतो, त्यामुळे वर्णपटाच्या अभ्यासासाठी तो अधिक सोयीचा ठरतो. आरशांच्या साहाय्याने प्रकाशाचा मार्ग दुमडून नळी आखूडही करता येते. याच दोन कारणांमुळे आज लहान उपग्रहांवरील अनेक दुर्बिणींतही आरसे वापरले जातात.

तेजोमेघाचा वाद

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉक्यर मानीत. विल्यम हगिन्स यांना ते मान्य नव्हते. मॅग्नेशियमचा पट्टा एका बाजूला विरत जातो, म्हणून रेषेची कड स्पष्ट आहे की धूसर, हा कळीचा मुद्दा होता. १८९१ मध्ये नायगमवाला यांनी ती रेषा तीक्ष्ण असल्याचे नोंदविले. ज्यांच्या सल्ल्यावर वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध हा निष्कर्ष जात होता. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले.

जेऊर येथील सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आजच्या महाराष्ट्रातून गेला. लॉक्यर विजयदुर्ग येथे, तर जॉन एव्हरशेड विदर्भातील तळणी येथे होते. नायगमवाला यांनी आपले पथक सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नेले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचे पथकही तेथेच उतरले होते. ग्रहणाच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल नायगमवाला यांनी १९०२ मध्ये वेधशाळेतर्फे प्रसिद्ध केला.

वेधशाळेची अखेर

वेधशाळेचे काम मुख्यतः एकट्या नायगमवाला यांच्यावर अवलंबून होते आणि त्यांच्यामागे ते पुढे नेणारा कोणी तयार झाला नाही. १९१२ मध्ये ते निवृत्त होताच वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे कोडाईकनाल वेधशाळेकडे पाठविण्यात आली. त्या वेळी तेथील संचालक एव्हरशेड होते. तेथे मुख्यतः सूर्याचा अभ्यास होत असल्याने मोठी दुर्बीण अनेक वर्षे फारशी वापरात आली नाही. पुढे ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३८ मध्ये नायगमवाला यांचे निधन झाले.