देवाच्या दरबारातील कवी

माझे वडील दरबारी गवई होते. मर्जी खप्पा होण्याच्या धाकाने भरल्या मैफलीत गळा कसा आवळतो, हे त्यांच्याकडून मी ऐकले आहे. म्हणून रेव्हरंड ना. वा. टिळकांचा दरबार मला मोलाचा वाटतो.

१८६१ साली कोकणात, ब्राह्मण घरात जन्मलेल्या या कवीने १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या मनाने. नरकाच्या भीतीपेक्षा भजन-कीर्तनाची गोडी टिळकांनी जवळ केली. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते निवर्तले.

मी गाणे शिकवतो. धाकाने शिष्य मान लववतो. सूर मात्र प्रेमानेच लागतो.